जपानी नाव कांजीत, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या चिन्हांत, लिहिलेलं असेल, तर उच्चार कसा ओळखायचा?

नुसती कांजी पाहून खात्रीने सांगता येत नाही. जपानी माणसंही सरळ विचारून घेतात. यातल्या बहुतेक चिन्हांना दोन तऱ्हेचे उच्चार असतात: चिनीवरून आलेला 'ओन' आणि अस्सल जपानी 'कुन'. 'पूर्व' या अर्थाचं चिन्ह घ्या. तोक्योमध्ये ते 'तो', एकटं आलं की 'हिगाशी'. आणि आडनाव असेल तर हिगाशी किंवा आझुमा, दोन्ही शक्य! म्हणून अर्थावरून उच्चार काढायच्या भानगडीत पडू नका. तिथल्या अर्जांवर नावापाशी फुरिगानाची, म्हणजे उच्चार लिहायची, वेगळी जागा असते, तीच बघा. गंमत म्हणजे सरकारी कुटुंबनोंदीत हा उच्चार कायद्याने आला तो थेट २६ मे २०२५ पासून.