220 केव्हीची लाइन बागेतून जात असेल, तर मागावे काय?

आपल्या द्राक्षबागेतून 220 केव्हीची (किलोव्होल्टची) नवी वीज लाइन जाणार असून सर्व्हेवाल्यांनी बागेच्या मधोमध टॉवरची खुंटी ठोकली आहे, तेव्हा लाइन दुसरीकडे वळवून मिळेल का, असे आपण विचारले आहे. पारेषणाच्या, म्हणजे उच्च दाबाची वीज दूरवर नेण्याच्या, कामात मी बरीच वर्षे काढली आहेत. लाइन बाजूला हटवणे फार अवघड असते. टॉवर त्याच रेषेत पुढेमागे घेणे त्या मानाने सोपे असते. आपण हेच मागावे, असा माझा सल्ला आहे.

दोन उपकेंद्रांना जोडणारी सरळ रेषा गावठाण, वनजमीन आणि जुन्या लाइनी टाळत मोडत जाते आणि जिथे मोडते तिथे कोनाचा टॉवर येतो. तारांची ओढ एका अंगाला पडत असल्याने त्याला पोलादही जास्त लागते आणि पायाही मोठा. आपल्यासाठी रेषा 20 मीटर हटवली, तर मागचेपुढचे कोन बदलतात आणि तार दुसऱ्या कुणाच्या घरावर येते. दोन कोनांमधले सरळ टॉवर मात्र साधारण 350 मीटरवर असतात. तार पूर्ण तापून झोळ सर्वांत जास्त पडला असतानाही जमिनीपासून सुमारे 7 मीटर उंची राहत असेल, तर ते थोडे सरकवता येतात. एकदा खुंटी नेमकी ठिबकच्या मुख्य पाइपावर आली होती. शेतकऱ्याने माती उकरून पाइप दाखवला, आम्ही तिथेच टेप धरला आणि टॉवर 12 मीटरवरच्या बांधावर गेला. पाया खोदल्यावर हे झाले नसते.

म्हणून विहीर, बोअर, पाइपलाइन आणि बांध दाखवणारा गटाचा नकाशा सातबाऱ्यासह जोडून लेखी अर्ज आताच द्या आणि पोच घ्या.

जमीन आपल्याच नावावर राहते. मात्र 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 164 खाली कंपनीला 1885 च्या तार कायद्याचे अधिकार मिळालेले असतील, तर संमतीवाचूनही काम होऊ शकते. अडवणूक झाल्यास प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि मोबदल्याचा वाद जिल्हा न्यायाधीशांकडे जातो. केंद्राच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालील जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी 30 टक्के मोबदला सुचवला आहे (2015 मध्ये हेच आकडे 85 आणि कमाल 15 होते). राज्याचा लागू शासन निर्णय मात्र तपासा. 220 केव्हीचा पट्टा 35 मीटर रुंद धरतात, म्हणजे शेतातून 100 मीटर लाइन गेली की सुमारे 35 गुंठे झाले. हे गणित लोक विसरतात आणि फक्त टॉवरच्या चौकोनावर भांडत बसतात. पिकाची भरपाई वेगळी असते, म्हणून पाया खोदताना, टॉवर उभारताना आणि तार ओढताना, दर वेळी पंचनामा करून घ्या.

लाइन सुरू होण्यापूर्वी मांडवाच्या लोखंडी तारांचे आर्थिंग (तारा जमिनीशी जोडणे) मात्र जाणकाराकडून जरूर करून घ्या. लाइनीखालच्या लांब तारांत प्रवर्तनाने वीज उतरते आणि छाटणी करणाऱ्या बाईच्या हाताला झटका बसतो.