गावच्या जुन्या टीव्हीवर अँटेनाने दूरदर्शन दिसेनासं झालंय. नवा टीव्ही घ्यावाच लागेल का?

नाही, टीव्ही बदलू नका. दोष त्याचा नाहीच. दूरदर्शनने जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपणं टप्प्याटप्प्याने बंद केली. २०२२ पर्यंत मोजकी ठिकाणं सोडून सगळी थांबली. अँटेना कितीही फिरवा, पकडायला लहरच उरलेली नाही.

डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची उपग्रहावरून येणारी मोफत सेवा, बसवा. छत्री, सेट-टॉप बॉक्स आणि वायरचा खर्च एकदाच, महिन्याचं भाडं नाही. बॉक्स एमपीईजी-४ चाच (चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीचा) मागा, जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही चॅनल येत नाहीत. टीव्हीला मागे पिवळं-पांढरं-लाल भोक असेल तर जोडणी पाच मिनिटांची.

खरी मेहनत छत्रीच्या दिशेत आहे. आपल्या खान्देशातून हा उपग्रह आग्नेयेला, बराच वर दिसतो. यावलला आमच्या घराच्या धाब्यावर (सपाट मातीच्या छतावर) छत्री लावली, तेव्हा समोरच्या निंबाची एक फांदी आड येत होती. आजी खालून ओरडायची, "आलं रे, गेलं रे!" फांदी छाटली आणि चित्र स्थिर झालं. डिजिटलमध्ये मुंग्या येत नाहीत. सिग्नल पुरेसा असेल तर चित्र स्वच्छ, कमी पडला की चौकटी फुटतात किंवा पडदाच काळा. जोराच्या पावसात चित्र थोडा वेळ जाईल, तेव्हा छत्री हलवू नका, आपोआप येतं. वैशाखातल्या वावधानाआधी, म्हणजे वादळी वाऱ्याआधी, मात्र नट घट्ट करून घ्या आणि बुडाशी दोन विटा रचा.

केबल असेल तरी बॉक्स लागतोच, ग्रामीण भागात बॉक्सविना केबल चालवायची मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली.