यूव्ही रेझिनमध्ये (यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) रंग घातला की ते आतून चिकट राहतं. शिंपल्यांच्या कानातल्यांसाठी कोणता रंग, किती घालावा?

मीही मालवणात शिंपल्यांवर हेच काम करते. दोष बहुधा रेझिनचा नसतो, रंग जास्त पडतो. हे रेझिन ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने घट्ट होतं आणि रंगाचे कण तोच प्रकाश अडवतात. वरचा पापुद्रा कडक होतो, खाली मात्र ओलं राहतं. काळा आणि पांढरा सगळ्यांत त्रासदायक. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड तर यूव्ही शोषूनच घेतं.

म्हणून रेझिनसाठीचा पारदर्शक रंग घ्या. टूथपिकच्या टोकावर येईल एवढाच आधी घालून बघा. गडद छटा हवी असेल तर रंग वाढवू नका, एकेक मिलिमीटरचे थर द्या आणि प्रत्येक थर यूव्ही दिव्याखाली नीट वाळवा. शिंपल्यातून प्रकाश फारसा जात नाही, त्यामुळे खालून वाळेल या भरवशावर राहू नका. मायका पावडरने (अभ्रकाच्या पुडीने) मोत्यासारखी चमक येते, मला तीच सर्वांत आवडते. पण पावसाळ्यात इथल्या दमट हवेत डबी उघडी ठेवली तर गुठळ्या होतात. पाण्यातले ॲक्रिलिक रंग टाळाच, पाण्याने रेझिन गढूळ होतं. शिंपलेही धुतल्यावर पूर्ण कोरडे करून घ्या.

थ्रीडी प्रिंटरच्या रेझिनलाही हेच लागू: रंग घातलात तर एक्स्पोजरची वेळ (प्रत्येक थरावर प्रकाश पडण्याची वेळ) वाढवा, आधी लहान तुकडा छापून बघा.

आणि हातमोजे घालाच, कच्च्या रेझिनची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.