बाहुलीघराच्या ओटीला आणि पडवीला कोणते रंग द्यावेत?

तुम्ही लिहिलंय की एकास बारा मापाचं प्लायचं कोकणी घर उभं राहिलंय, कौलंही बसलीत, आणि आता ओटीपाशी गाडी अडलीय. परदेशी फार्महाऊसच्या फोटोंत असते तशी राखाडी जमीन, पांढरा कठडा आणि वर फिकट निळं छत केलं तर चालेल का, असा तुमचा प्रश्न.

चालेल, पण मग ते घर गुहागरचं वाटणार नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात पोर्चचं छत निळं रंगवायची पद्धत आली ती भुताखेतांना लांब ठेवायच्या समजुतीतून. आपल्याकडे ते खातं राखणदाराकडे असतं. शिवाय जुन्या कौलारू घरात ओटीवर बसून मान वर केली की छत नाही, वासे, रिपा आणि कौलांची पोटं दिसतात. ती दिसू द्या, रंगवून झाकू नका.

सुरुवात कौलांपासून करा, कारण तो रंग तुमच्या हातातून गेलेला आहे. घरातला सगळ्यात मोठा लाल तोच. आता जमिनीलाही लाल कोबा दिलात तर मधली भिंत दोन लालांत चेपून जाते. म्हणून माझं मत शेणाने सारवलेल्या जमिनीला. यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) रॉ अंबर (मातकट तपकिरी) मिसळा आणि त्यात अगदी नखभर काळपट हिरवा. हा थर वाळला की त्याच रंगात थोडा पांढरा घालून जवळजवळ कोरड्या ब्रशने सारवणाचे हात काढा, एकात एक अडकलेली अर्धवर्तुळं. बाई बसून हात फिरवते तेवढाच त्यांचा घेर, म्हणजे तुमच्या मापात दोन इंचांच्या आत. ती मोठी झाली की जमीन लगेच खोटी दिसते. कोबाच हवा असेल तर कौलांपेक्षा गडद, तपकिरीकडे झुकणारा लाल घ्या.

खरी गोम भिंतीची आहे. आपल्या घरांचं पाखं पावसासाठी इतकं खाली उतरलेलं असतं की ओटी भर दुपारीही सावलीत. बाहुलीघरातही तेच होतं, वर दिवाणखान्यातल्या ट्यूबचा उजेड फक्त कौलांवर पडतो. त्यामुळे शेडकार्डवर आवडलेला रंग ओटीत गेला की काळवंडतो. शिवाय लहान वस्तूवर भडक रंग प्लास्टिकच्या खेळण्यासारखा दिसतो. म्हणून प्रत्येक रंग हवा त्याहून फिका आणि थोडा मळका कालवायचा. भिंतीला नीळ घातलेल्या चुन्याचा पांढरा द्या: पांढऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा निळा आणि तेवढाच ऑकर. आधी कार्डाच्या तुकड्यावर लावा, तो ओटीत उभा करा आणि मुलगी ज्या उंचीवरून बघणार तिथून संध्याकाळी दिव्यात बघा. दुकानातल्या उजेडावर विश्वास नको.

भिंतीच्या पायाशी गेरूचा बारीक पट्टा पुरे. हात चांगला असेल तर कावी कामासारखी लाल-पांढऱ्या वेलींची एक ओळ दारावर काढा, पण एकच.

खांब काळे करू नका. खऱ्या घरातलं लाकूड धुराने आणि काजूच्या टरफलांच्या तेलाने काळं पडतं हे खरं, पण या आकारात काळा खांब भोकासारखा दिसतो. बर्न्ट अंबर (गडद तांबूस तपकिरी) घ्या, आणि माणसं पाठ टेकून बसतात त्या उंचीला थोडा फिका करा. सॅटिन वॉर्निश फक्त तिथे आणि झोपाळ्याच्या फळीवर. बाकी सगळं मॅट.

जोत्याला तयार रंग वापरूच नका. चिरे कापतात तिथून जांभ्याची पूड आणा, मलमलीतून गाळा, फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवून दोन-तीन पातळ हात द्या. सव्वा फुटाचा चिरा तुमच्याकडे सव्वा इंचाचा होतो, त्या हिशोबाने रेघा मारा आणि जमिनीलगत जरा शेवाळी हिरवा पुसा.

घर किती जुनं दाखवायचंय तेही ठरवा. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला १८६५ साली, त्यामुळे मंगलोरी कौलं आणि शिवकाळातली ओटी जुळत नाहीत. तितकं जुनं हवं असेल तर नळीची कौलं लागतील.

खिडक्यांना हिरवा ऑइलपेंट देण्याचा मोह होईल, आणि माळ्यावर जुना डबाही सापडेल. तो मुलांच्या खेळण्याला लावू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत त्याची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आली ती २०१७ मध्ये. ॲक्रिलिकमध्ये तोच हिरवा थोडा तांबडा घालून मळवला की झालं.

प्लायच्या दोन्ही बाजूंना प्रायमर द्या, नाहीतर पातळ फळी वाकते. आणि हे सगळं श्रावणात करायला घेऊ नका. आपल्याकडच्या दमट हवेत लॅकरवर दुधाळ झाक येते, आतून बुरशी धरते ती वेगळीच. दसऱ्यानंतर ऊन पडलं की बसा. तोवर मागच्या पडवीचं काय करताय ते कळवा. तिथे चूल दाखवणार असाल तर धुराच्या काळ्या डागांचं वेगळं सांगतो.