बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा: आधी कॅप तपासा

बाहेर कुठेही गळती नाही, रेडिएटरला बारीक नळीने जोडलेल्या बाटलीतील कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) वरच्या खुणेच्याही वर चढले आहे आणि तरीही सकाळी थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण, म्हणजे कॅप, उघडली की रेडिएटर बराच रिकामा दिसतो, असे आपण लिहिले आहे. ही लक्षणे एकत्र असतील, तर पंप किंवा थर्मोस्टॅटला (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) हात लावण्याआधी मी कॅप तपासेन.

पाणी २० अंश सेल्सिअसवरून ९० अंशांपर्यंत तापले की सुमारे साडेतीन टक्के फुगते, आणि ग्लायकॉल (गोठू न देणारे रसायन) मिसळलेले कूलंट त्याहून अधिक. म्हणजे ८ लिटर कूलंट असलेल्या इंजिनात पाव लिटरहून जास्त द्रवाला नवी जागा लागते. कॅपची मोठी झडप साधारण १ बार दाबापर्यंत मिटलेली राहते, त्यामुळे साधे पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळते. दाब त्यापुढे गेला की जादा द्रव बारीक नळीतून बाटलीत जातो. इंजिन निवताना आतला दाब उतरतो, कॅपच्या मध्यभागी असलेली छोटी झडप उघडते आणि तेच कूलंट परत ओढले जाते. आपल्याकडे जाणे होते आहे, येणे होत नाही.

छोटी झडप अडकली असेल, तर इंजिन निवल्यावर वरची रबरी नळी चपटी झालेली दिसेल. नळी गोलच राहिली, तर कॅपचे वरचे रबर किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी हवा घेत असावी, कारण कूलंट ओढण्यापेक्षा हवा ओढणे केव्हाही सोपे. ही हवा फार घातक असते: ती सिलिंडर हेडमध्ये (इंजिनाचा सिलिंडरांवरचा भाग) साठली, तर तेथील उष्णता वाहून नेणारे काही उरत नाही, आणि तापमानाचा सेन्सर हवेत उघडा पडला, तर काटा खरे तापमान दाखवत नाही.

ज्या गाड्यांत कॅप थेट दाबाच्या टाकीवर असते, त्यांत वरची मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते. ती काठोकाठ भरू नये. आपल्या गाडीत तसे नाही.

नवी कॅप त्याच दाबाची घ्या आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच बसवा. रेडिएटर गळ्यापर्यंत भरून पुढचे तीन-चार दिवस सकाळी पातळी पाहा. तरीही बाटलीत सतत बुडबुडे येत असतील किंवा थंड इंजिन सुरू करताच नळी टणक होत असेल, तर हेड गॅस्केटमधून (सिलिंडर हेडखालचा सांधा बंद ठेवणारा थर) ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत असण्याची शक्यता आहे. त्याची रासायनिक चाचणी होईपर्यंत गाडी लांब नेऊ नका.