थापण्याआधी मळणं

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

भाकरीवरचा तुझा लेख वाचला. ‘पीठ चांगले मळून भाकरी थापावी’ असं तू लिहिलं आहेस. चूक काहीच नाही, पण हे लिहिणाऱ्याने पिठात हात घातलेला नाही, हे लगेच कळलं.

शब्दाचा अर्थ ठाऊक असला की पुरे, असं तू मागे म्हणाला होतास. तेव्हा शिकागो विद्यापीठात असलेल्या मानसशास्त्रज्ञ सियन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००८ सालचं एक संशोधन आहे. आइस हॉकीचे खेळाडू, स्वतः न खेळणारे पण सामने आवडीने बघणारे शौकीन आणि या खेळाशी काही संबंध नसलेले लोक, अशा तीन गटांना त्यांनी हॉकीतल्या हालचालींची वाक्यं ऐकवली आणि त्या वेळी एमआरआयने मेंदूचं काम टिपलं. खेळाडू आणि शौकीन, दोघांच्याही मेंदूत डाव्या बाजूचा, हालचालींची आखणी करणारा एक भाग जास्त कामाला लागला. सगळे नुसते पडून ऐकत होते! आणि हा भाग जितका कामाला लागला, तितकी त्या वाक्यांतली कृती जास्त चांगली उमगली.

अभ्यास मोजक्या माणसांवरचा आहे, तेव्हा त्यावरून ‘केल्याशिवाय कळतच नाही’ असं कुठे लिहून बसू नकोस. मला तर त्यातले शौकीनच महत्त्वाचे वाटतात. बर्फावर न उतरताही, वर्षानुवर्षं मन लावून बघण्याने त्यांचं ऐकणं बदललं होतं.

आता तुझं ‘मळणं’ बघ. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. म्हणून कढत पाणी घालायचं आणि परातीत तळव्याने रेटत, पुन्हा गोळा करत मळायचं. आधी पीठ खरखरीत लागतं, बोटांना चिकटतं. मग एका क्षणी मऊ होऊन हात सोडतं. त्याआधीच थापायला घेतलंस तर कडा चिरतात आणि उचलताना भाकरी मोडते. माझ्या पहिल्या चार अशाच मोडल्या. आई शेजारी बसून एवढंच म्हणत होती, “अजून मळ.” त्या ‘अजून’मध्ये किती वेळ असतो, हे मला मनगटं भरून आली तेव्हा समजलं.

रविवारी सकाळी घरी ये. ज्वारी कालच दळून आणली आहे. लेखाचा कागद मात्र घरीच ठेव, आधी चार भाकऱ्या करू.

तुझा,
काका