‘प्रजासत्ताक दिन’ की ‘गणराज्य दिन’?

प्रश्न असा आहे : राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेत ‘लोकशाही गणराज्य’ असे शब्द आहेत, मग २६ जानेवारीला आपण ‘प्रजासत्ताक दिन’ का म्हणतो आणि त्यांतले बरोबर कोणते?

व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही शब्द निर्दोष आहेत. गंमत त्यांच्या पोटात आहे. ‘प्रजेची सत्ता आहे ज्यात ते’ असा ‘प्रजासत्ताक’चा विग्रह होतो, म्हणजे ‘पितृसत्ताक’प्रमाणे हे मुळात विशेषण असून आज ते नाम म्हणूनही सर्रास चालते. परंतु प्रजा म्हटली की समोर राजा आलाच. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही भारत हे ब्रिटिश राजाला मानणारे अधिराज्यच (डोमिनियन) होते आणि कागदोपत्री सहावे जॉर्ज आपले राजे होते. २६ जानेवारी १९५० रोजी त्यांचे राजेपण संपले. मराठीने मात्र राजाला निरोप देताना प्रजा जपून ठेवली. (मूळ संस्कृतात ‘प्रजा’ म्हणजे संतती, आणि ‘सुप्रजा’त तो अर्थ अजून टिकून आहे, एवढा बचाव करता येईल.) ‘गणराज्या’ची तऱ्हा याच्या उलट. प्राचीन वैशालीच्या लिच्छवींच्या गणातले, म्हणजे अनेक कुळांनी मिळून चालवलेल्या राज्यातले, कुलप्रमुख स्वतःला राजेच म्हणवीत आणि जातककथेत या राजांची संख्या चक्क ७७०७ दिली आहे! थोडक्यात, एका शब्दात राजाविना प्रजा, तर दुसऱ्यात राजेच राजे.

या तारखेचे पहिले नाव तर तिसरेच होते. डिसेंबर १९२९ मध्ये काँग्रेसच्या लाहोर अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर ‘स्वातंत्र्यदिन’ म्हणून पाळला गेला. तो जानेवारीतला शेवटचा रविवार होता, म्हणजे ही राष्ट्रीय सुट्टी जन्मली तीच मुळी सुट्टीच्या वारी. २०२५ साली २६ जानेवारी पुन्हा रविवारी आली, तेव्हा सुट्टी बुडाली म्हणून हळहळणाऱ्यांनी खरे तर मूळ परंपरा पाळली गेल्याचे समाधान मानायला हवे होते. पुढे जपानच्या शरणागतीला दोन वर्षे पूर्ण होतात म्हणून माउंटबॅटन यांनी १५ ऑगस्ट ही तारीख निवडली आणि ‘स्वातंत्र्यदिन’ हे नाव तिकडे गेले. उघड्या पडलेल्या जुन्या तारखेचा मान राखण्यासाठी, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेली घटना, नागरिकत्व व निवडणुकांसारखी मोजकी कलमे वगळता, दोन महिने थांबवून ठेवण्यात आली.

रूढीचा कौल ‘प्रजासत्ताक दिन’ या नावालाच आहे आणि शासनाच्या सुट्ट्यांच्या यादीतही तेच असते. तेव्हा सणाला ‘प्रजासत्ताक दिन’ म्हणावे आणि घटनेच्या चर्चेत ‘गणराज्य’ खुशाल वापरावे. फलकांवर दिसणारा ‘प्रजासत्ताक दीन’ मात्र टाळावा : अकारान्त मराठी शब्दातला उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षरातला) इकार दीर्घ असतो हे खरे, पण ‘दिन’ तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, असल्याने तो ऱ्हस्वच राहतो, आणि ‘दीन’ म्हणजे केविलवाणा.